जागा अपुरी असताना काढलेली अक्षरे: डिन १४५१ मधील अरुंद वळणाचे प्रकरण

जर्मनीतील महामार्गांवरचे दिशादर्शक फलक, जुन्या मालडब्यांवरचे क्रमांक आणि इमारतींच्या भिंतींवर अग्निशमन दलासाठी ठोकलेल्या लहान पाट्या यांवर अनेक दशके एकाच घराण्याची अक्षरे दिसत आली आहेत. हे घराणे डिन १४५१ या औद्योगिक मानकाने निश्चित केले. त्यात मुळात तीन वळणे होती: एंगश्रिफ्ट, मिटलश्रिफ्ट आणि ब्राइटश्रिफ्ट, म्हणजे अनुक्रमे अरुंद, मध्यम आणि रुंद. प्रस्तुत अभ्यास मुख्यतः यांतील अरुंद वळणाचा आहे. हे वळण काढताना वाचकाच्या डोळ्याला काय रुचेल हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला नव्हता; फलकावर जागा किती आहे आणि अक्षर कोणत्या हत्याराने उमटवायचे आहे, या दोनच गोष्टींनी त्याचा आकार ठरला. त्याचा पुढचा सगळा इतिहास, यश आणि अपयश दोन्ही, या सुरुवातीतून समजतो.

रेल्वेची गरज

या अक्षरांचे मूळ मानक-समितीच्या पुष्कळ आधीचे आहे. प्रशियाच्या राजकीय रेल्वे प्रशासनाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या गाड्यांवरील लिखाणासाठी एक नमुना-आरेखन ठरवून दिले होते. मालडब्याच्या बाजूवर क्रमांक, डब्याचे स्वतःचे वजन, वाहता येईल तो भार, मालकी रेल्वेचे नाव आणि अशाच कितीतरी नोंदी रंगवाव्या लागत. त्यासाठी मोकळी जागा मिळे ती फळ्या, पट्ट्या आणि रिबिटे यांच्यामधली. उंची कमी केली तर यार्डातल्या माणसाला दुरून वाचता येत नाही. तेव्हा उंची राखून रुंदी कमी करणे एवढाच मार्ग उरतो. शिवाय हे काम शेकडो ठिकाणच्या कार्यशाळांतले रंगारी करणार होते आणि त्यांतील प्रत्येकाचा हात सुलेखनात तयार असेल अशी अपेक्षा ठेवता येत नव्हती. म्हणून टोकांना फाटे किंवा पाय नसलेली, एकाच जाडीच्या रेघेची, उभट अक्षरे निवडली गेली. १९२० मध्ये निरनिराळ्या जर्मन राज्यांच्या रेल्वे एकत्र येऊन राष्ट्रीय रेल्वे बनली, तेव्हा प्रशियाच्या नमुन्याचा प्रसारही तिच्याबरोबर झाला आणि कोणी मानक म्हणून घोषित करण्यापूर्वीच तो व्यवहारात मानक झाला.

दुसऱ्या बाजूला, पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, जर्मन उद्योगांसाठी मानके ठरवणारी समिती बर्लिनमध्ये स्थापन झाली होती. आजची डिन ही संस्था तिचीच वंशज आहे. यंत्रांचे सुटे भाग, कागदाचे आकार, तांत्रिक आरेखनांवरची अक्षरे अशा एकेका विषयाचे मानक करत ही समिती फलकांच्या अक्षरांपर्यंत पोचली. या कामाची सूत्रे लुडविग गोलर या अभियंत्याकडे होती. ते सीमेन्स आणि हाल्स्के या विद्युत कंपनीत मानकीकरणाचे काम पाहत. १९३१ मध्ये डिन १४५१ हे मानकपूर्व मसुद्याच्या स्वरूपात प्रसिद्ध झाले आणि १९३६ मध्ये पूर्ण मानक म्हणून स्वीकारले गेले. यातील अरुंद वळणावर रेल्वेच्या जुन्या नमुन्याची छाप स्पष्ट आहे.

येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी वाटते. १९३० च्या दशकात जर्मनीतील सत्ताधारी पक्ष टोकदार, मोडलेल्या वळणाच्या पारंपरिक जर्मन अक्षरांना राष्ट्रीय म्हणून मिरवत होता. पुढे १९४१ च्या जानेवारीत त्याच सत्तेने ती अक्षरे बंद करण्याचा आदेश काढला. या दोन्ही टोकांच्या मधल्या काळात कारखाने आणि रस्ते मात्र साध्या रोमन अक्षरांतले हे मानक वापरत राहिले. आदेशांनी अक्षरांचे राजकारण घडवले खरे, पण यंत्रावरची पाटी कोणत्या अक्षरात कोरावी हे ठरवताना कोरणाऱ्याची सोय अधिक प्रभावी ठरली, असे माझे मत आहे.

अक्षराची बांधणी

मूळ आरेखने मोठ्या चौकटींच्या जाळीवर बेतलेली होती आणि पट्टी व कंपास एवढ्या साधनांनी ती पुन्हा काढता येत. अक्षराचे प्रत्येक माप जाळीच्या घरांत मोजता येत असल्यामुळे पाच सेंटिमीटरची पाटी असो की मीटरभर उंचीचा फलक, हिशेब एकच. मानकाच्या पाठोपाठ त्याची साधने आली: आरेखकांसाठी सेल्युलॉइडच्या लेखनपट्ट्या, यंत्रे, वाहने आणि विमाने यांवर रंग मारण्यासाठी धातूची स्टेन्सिले, आणि रस्त्यांच्या व इमारतींच्या फलकांसाठी धातूची ओतीव अक्षरे.

ही साधने लक्षात घेतली की अक्षरांच्या आकारातले जवळजवळ सगळे निर्णय उलगडतात. पँटोग्राफवर, म्हणजे साच्याची रेघ गिरवून तिची लहानमोठी प्रत उमटवणाऱ्या यंत्रावर, कोरताना फिरते गोल टोक ज्या वाटेने जाते तिथे एकाच जाडीची रेघ उमटते. लेखनपट्टीच्या खाचेतून फिरणाऱ्या पेनाचेही तेच. बोरूने लिहिताना हात वळला की रेघ जाड-बारीक होते, तसा बदल या साधनांना जमणारा नव्हता, म्हणून तो अक्षरात आणलाच नाही. अरुंद वळणातला रोमन 'ओ' हा खरे पाहता वर एक अर्धवर्तुळ, खाली एक अर्धवर्तुळ आणि त्यांना जोडणाऱ्या दोन सरळ उभ्या रेघा एवढाच आहे. 'सी', 'जी', 'क्यू', शून्य ही सारी त्याच सांगाड्यावर उभी राहतात. 'डी' आणि आठ यांचाही बाहेरचा घेर त्याच्या अगदी जवळ जातो. अक्षरे काढणाऱ्याला यापेक्षा सोपे काही नाही, कारण एक साचा जमला की अर्धी वर्णमाला जमते.

वाचणाऱ्याच्या बाजूने मात्र चित्र वेगळे दिसते. डोळा भूमितीप्रमाणे चालत नाही. आडवी आणि उभी रेघ मोजून सारख्याच जाडीची काढली तर आडवी जाड भासते. सरळ रेघ जिथे एकदम वर्तुळाच्या कमानीत शिरते, तिथे मोजमापात दोष नसला तरी नजरेला एक बारीक गाठ लागते. 'एन' किंवा 'एम' या लहान अक्षरांत कमान दांड्याला जिथे मिळते तिथे दोन पूर्ण जाडीच्या रेघा एकमेकींवर चढून काळा ठिपका तयार होतो. मुरलेला अक्षरकार अशा जागी रेघ हलकेच बारीक करतो आणि ती बारीक केली आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. गोलर यांच्या समितीत ही दुरुस्ती झाली नाही. जाळीच्या हिशेबात ती बसणारीही नव्हती. मध्यम वळणात हे दोष खपून जातात, कारण अक्षराच्या आतली पोकळी मोठी असते. अरुंद वळणात पोकळी आक्रसते, उभ्या रेघा जवळ येतात, आणि लांब शब्द खिडकीच्या गजांसारखा एकसुरी दिसू लागतो.

याची जाणीव वापराच्या नियमांत उतरलेली दिसते. जर्मन रस्त्यांवर मध्यम वळण हेच नेहमीचे, आणि गावाचे नाव किंवा मजकूर फलकाच्या रुंदीत मावत नसेल तेव्हाच अरुंद वळणाकडे जायचे, असा प्रघात आहे. जर्मन स्थळनामे जोडून जोडून लांबत जातात हे पाहता ही वेळ वारंवार येते. तरीही अरुंद वळण हा नाइलाज आहे, आवड नव्हे, ही भूमिका त्यामागे आहे. फलकांवर अक्षरांमधले अंतरही सढळ ठेवले जाते, आणि अरुंद अक्षरे दुरून ओळखू येण्याचे बरेचसे श्रेय या अंतराला आहे. हे वळण पुढे छपाईत आणि पडद्यावर आले तेव्हा ते अंतर अनेकदा गळून पडले.

जिथे हे वळण खऱ्या अर्थाने आपल्या घरी आहे ते उदाहरण म्हणजे अग्निशमन दलासाठीच्या पाण्याच्या नळाची, म्हणजे हायड्रंटची, पाटी. जर्मन शहरांत भिंतीवर किंवा खांबावर तांबड्या चौकटीची एक पांढरी पाटी असते. वर 'एच' हे अक्षर आणि त्यापुढे नळाचा व्यास मिलिमीटरमध्ये, उदाहरणार्थ १००. खाली इंग्रजी 'टी'च्या आकाराची खूण आणि तिच्या बाजूंना, पाटीपासून नळ डावीकडे वा उजवीकडे आणि समोर किती मीटरवर आहे ते सांगणारे आकडे. वाचायचे आहेत ते दोन-चार अंक, शब्द नाहीत. वाचणारा प्रशिक्षित आहे आणि त्याला काय शोधायचे ते ठाऊक आहे. अशा ठिकाणी वळणाचा कोरडेपणा हा गुणच ठरतो.

नंबरप्लेटवरची परीक्षा

दोषांची किंमत सर्वांत ठळकपणे दिसली ती वाहनांच्या नंबरप्लेटवर. पश्चिम जर्मनीत १९५६ पासून लागू झालेल्या नोंदणी पद्धतीत डिन १४५१ ची अक्षरे वापरली जात होती. नंबरप्लेट हा फलक असला तरी तो वाचण्याची परिस्थिती निराळी आहे. गावाचे नाव अर्धवट दिसले तरी वाचक बाकीचे अंदाजाने भरतो. नोंदणी क्रमांकात अंदाजाला जागा नसते, प्रत्येक चिन्ह स्वतंत्रपणे ओळखू यावे लागते. आणि येथे तर अनेक चिन्हे एकाच साच्यातून निघालेली होती. थोडा काळा रंग किंवा चिकटपट्टी लावली की 'पी'चा 'आर', 'एफ'चा 'ई', तीनाचा आठ आणि 'ओ'चा 'क्यू' होत असे, आणि केलेला बदल काही मीटरवरून कळत नसे. १९७० च्या दशकात पश्चिम जर्मनीत रेड आर्मी फॅक्शन या गटाच्या हिंसक कारवाया चालू असताना हा प्रश्न केवळ वाहतूक पोलिसांचा राहिला नाही.

१९७८ ते १९८० या काळात कार्लगेओर्ग होफर या अक्षरकारांनी, विद्यापीठांतील तज्ज्ञांनी केलेल्या वाचनक्षमतेच्या चाचण्यांच्या आधारे, नवे वळण तयार केले. ते एफई या आद्याक्षरांनी ओळखले जाते आणि त्या आद्याक्षरांचा विस्तारच 'बनावट अवघड करणारे' असा आहे. त्याचे तत्त्व गोलर यांच्या तत्त्वाच्या अगदी उलट होते. गोलर यांना एका साच्यातून जास्तीत जास्त अक्षरे हवी होती. होफर यांना कोणत्याही दोन अक्षरांत समान भाग शक्यतो नको होता. त्यामुळे एफईची अक्षरे वेडीवाकडी, काही ठिकाणी अप्रमाणबद्ध दिसतात. सौंदर्याच्या कसोटीवर त्यांना फारसे गुण मिळाले नाहीत, पण ते सौंदर्यासाठी काढलेलेच नव्हते. मूळ भीती ओसरल्यावरही कॅमेऱ्याने आपोआप क्रमांक वाचण्यासाठी हाच वेगळेपणा उपयोगी पडला, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जर्मन वाहनांवर एफई रूढ होत गेले.

नव्या पद्धतीतही अरुंद वळण काढून टाकता आले नाही, हे मला या प्रकरणातील सर्वांत बोलके वाटते. एफईमध्ये अक्षराची उंची ७५ मिलिमीटर. मध्यम वळणात अक्षराची रुंदी ४७.५ आणि अंकाची ४४.५ मिलिमीटर, अरुंद वळणात तीच अनुक्रमे ४०.५ आणि ३८.५ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक चिन्हामागे सहा-सात मिलिमीटरची बचत. मोठा क्रमांक ठरावीक लांबीच्या पट्टीवर बसवायचा असेल तर एवढी बचतही पुरते, आणि ती करण्याची मुभा मध्यम वळण मावत नसेल तेव्हाच. अक्षरांचा सांगाडा पूर्णपणे बदलला, तरी रुंदीविषयीचा नियम जसाच्या तसा राहिला.

अक्षरकारांच्या हाती

मूळ मानकाचीही डागडुजी होत होती. १९८० च्या दशकात फ्रांकफुर्टचे अक्षरकार आडोल्फ ग्रोप यांनी अधिक बारीक जाळीवर ही अक्षरे पुन्हा काढली; सहा, नऊ अशा काही चिन्हांची वळणे बदलली आणि रुंद वळण तर वापरातून गेलेच. १९९० च्या सुमारास लायनोटाइप आणि अडोबी या कंपन्यांनी मध्यम व अरुंद वळणे डिजिटल स्वरूपात आणली. ग्राफिक डिझायनरांच्या संगणकांवर ती पोचल्याबरोबर अभियंत्यांनी काढलेले हे वळण एकाएकी फॅशनमध्ये आले. जे कधीच आकर्षक दिसण्यासाठी काढले नव्हते, त्याचा हाच रुक्षपणा आता 'प्रामाणिक' आणि 'औद्योगिक' म्हणून आवडू लागला.

१९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे अक्षरकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे संमेलन झाले. परतताना विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्सीत जर्मन अक्षरकार एरिक श्पीकरमान यांनी डच अक्षरकार आल्बर्ट-यान पोल यांना डिनचे नवे, छपाईला योग्य रूप करण्याचे सुचवले, ही हकिगत त्या व्यवसायात सर्वश्रुत आहे. त्यातून १९९५ मध्ये एफएफ डिन प्रसिद्ध झाले. पोल यांनी मूळ सांगाडा ओळखीचा ठेवला आणि वर सांगितलेले नजरेचे दोष एकेक करून काढले: आडव्या रेघा उभ्यांपेक्षा किंचित बारीक केल्या, सरळ रेघेतून कमानीत जाण्याची वाट हळुवार केली, जोडांवरचे काळे ठिपके घालवले आणि बारीक ते ठसठशीत अशी जाडीची श्रेणी दिली. अरुंद रुंदीची मालिकाही या घराण्यात आली आणि तीही नेहमीच्या रुंदीच्या अक्षरांना बाजूंनी दाबून नव्हे, तर स्वतंत्रपणे काढून. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २३ डिजिटल अक्षरवळणे आपल्या संग्रहात घेतली, त्यांत एफएफ डिनचा समावेश आहे. पुढे मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये याच परंपरेतला बानश्रिफ्ट हा फॉन्ट विंडोजबरोबर दिला, आणि ॲपलच्या संगणकांवरही डिन कंडेन्स्ड आधीपासून बसवलेला असतो.

या सुलभतेचा एक परिणाम असा झाला की वापराचा क्रमच उलटला. रस्त्यावर जे वळण शेवटचा उपाय होते, ते भित्तिपत्रके, क्रीडा-प्रक्षेपणे, पॅकिंग आणि वृत्तपत्रांचे मथळे यांत पहिली निवड बनले. याला माझी हरकत नाही. मोठ्या आकारात, कमी शब्दांत, उंचीचा ठसा उमटवायचा असेल तर अरुंद औद्योगिक वळणासारखे दुसरे साधन क्वचितच सापडते. हरकत आहे ती परिच्छेदांत आणि मोबाइलच्या लहान पडद्यावरील सूचनांत ते वापरण्याला. तिथे जागेची टंचाई नसते. डिझायनरला फक्त कारखान्याचा वास हवा असतो आणि त्याची किंमत वाचणारा मोजतो.

देवनागरीतला तोच पेच

मराठी वाचकाच्या दृष्टीने या प्रकरणाचा पुढचा भाग देवनागरीत घडतो आहे. रोमन अक्षर अरुंद करताना रचनाकार लहान अक्षरांची उंची वाढवून आतली पोकळी परत मिळवतो. देवनागरीत ही पळवाट अरुंद आहे, कारण शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांना, तर खाली उकार आणि ऋकार यांना जागा राखून ठेवावीच लागते. अक्षराचे धड उंच केले की मात्रा चिरडतात, नाहीतर दोन ओळींमधले अंतर वाढवावे लागते आणि रुंदीत वाचवलेली जागा उंचीत खर्च होते. त्यात 'क' आणि 'फ' यांना दांड्याच्या दोन्ही बाजूंना पसारा आहे, 'ण' आणि 'ष' यांच्या आत रेघांची गर्दी आहे, 'राष्ट्रीय'सारख्या शब्दात जोडाक्षर खाली वाढते. दोन वाट्यांचा मराठी 'ल' हिंदी वळणाच्या 'ल'पेक्षा अरुंद चौकटीत अधिक अडचणीचा ठरतो, आणि 'दर्‍या'मधला अर्धा 'र' तर थोड्याशा दाबानेही दिसेनासा होतो.

अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे तेको आणि खंड हे मुक्त परवान्याचे फॉन्ट याच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. तेकोने चौकोनी बांधणी स्वीकारली आणि वळणे इतकी साधी केली की मोठ्या मथळ्यात ती रेखीव दिसतात. खंडने एकाच जाडीची रेघ ठेवून अक्षरांच्या आतल्या पोकळ्या शक्य तितक्या मोकळ्या राखल्या. मजकूर थोडा लांबला तर मी खंडकडे वळेन. दोन शब्दांच्या फलकासाठी तेको अधिक ठाम वाटतो. दोन्हींत रुंदी हा मुळापासून घेतलेला निर्णय आहे, आणि म्हणूनच ती अक्षरे उभी राहतात.

आपल्याकडे चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर याच्या नेमके उलट चित्र दिसते. नाव, पदवी, पद आणि शुभेच्छुकांची यादी ठरलेल्या मापात बसवायची असते, तेव्हा संगणकावर नेहमीचा फॉन्ट घेऊन तो आडवा दाबला जातो. दाबताना उभ्या रेघा बारीक होतात आणि आडव्या मूळच्याच जाडीच्या राहतात. देवनागरीत आडवी शिरोरेघ प्रत्येक शब्दावर असल्यामुळे ती जाड पट्टीसारखी वर बसते आणि खालचे काने अशक्त होऊन लोंबकळतात. त्याच फ्लेक्ससाठी मुळात अरुंद काढलेला फॉन्ट घेऊन जाडीची एक पायरी कमी केली आणि अक्षरांमध्ये थोडी हवा सोडली, तर तेवढ्याच रुंदीत तीच नावे रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येतात.